दोन इंच माया

४ जानेवारी २०२५, शनिवार. खमीस मुशैत

पोहोचलो एकदाचे. सौदी म्हणजे वाळू आणि उकाडा एवढंच डोक्यात होतं, म्हणून मी बॅगेत सगळे सुती कपडे कोंबले होते. जवळच्या अब्हाच्या विमानतळाबाहेर पाऊल टाकलं आणि दात वाजायला लागले. चहूकडे डोंगर, डोंगरांवर धुकं. इमाद दोन जाकिटं हातात घेऊन उभे होते आणि आमच्याकडे बघून हसत होते. सहरनं तीन वर्षं बाप फोनमध्येच पाहिलेला. जरा वेळ माझ्यामागं लपली, मग त्यांच्या गळ्यात पडली ती घर येईपर्यंत उतरली नाही.

घर पहिल्या मजल्यावर आहे. दोन खोल्या, हॉल, आणि स्वयंपाकघरात मला हवा होता तसा मोठा ओटा. इमाद इथल्या एका हॉस्पिटलच्या एसी प्लांटवर आहेत, सकाळी सहाला जातात, चारला येतात. हॉलच्या खिडकीखाली टेबल आणि टेबलावर नवंकोरं शिलाई मशीन. श्रीवर्धनला मी पाय मारून मारून गुडघे दुखवून घ्यायची, इथं नुसतं पॅडल दाबायचं. मी दोनदा फिरवून पाहिलं, मांजरासारखं गुरगुरतं.

ही वही शिवणाचीच आहे. काय शिवायचं, कुणाचं माप किती, कापड किती लागलं. पण पहिल्या पानावर चार ओळी खुशीच्या लिहिल्या तर काय बिघडलं?

९ जानेवारी, गुरुवार

हातात बरीच कामं आहेत. सहरचा शाळेचा पिनाफोर, बिनबाह्यांचा गणवेश, बेतून ठेवलाय. गुडघ्याखाली एक बोट हवा, असं शाळेच्या कागदावर लिहिलंय. सहरचं माप: उंची ४४ इंच, छाती २३, कंबर २१. दाराच्या चौकटीवर पेन्सिलीनं रेघ मारून ठेवली. पडद्यांना पट्टी लावायची राहिलीय. आणि गोधडी शिवायला घ्यायचीच आहे, इथल्या थंडीला ब्लँकेट पुरत नाही. जुन्या कपड्यांचे वीतभर चौकोन कापायला घेतलेत. दर तासाला वरून लढाऊ विमान जातं आणि काचा थरथरतात, तेवढं सोडलं तर शिवायला याहून चांगली जागा नाही.

दुपारी जिन्यात बांगडा तळल्याचा वास आला. वासाच्या मागं गेले तर तळमजल्यावर आपलीच माणसं निघाली. इस्मतआपा, दाभोळच्या. त्यांचे कादिरभाई पाण्याचा टँकर चालवतात. आपांनी मला आत ओढून घेतलं, जेवायला बसवलं, आणि मी नको नको म्हणत असताना ताटात तिसरा तुकडा टाकला.

त्यांच्या कडेवर एक पोरगी होती. मला वाटलं असेल तीनेक वर्षांची. ती माझ्याशी बोलायला लागली तेव्हा मी चपापले. शाळेतली मोठी वाक्यं, मोठ्या मुलीचे डोळे. हुमैरा. आठ पूर्ण झाली. चौथ्या वर्षानंतर वाढलीच नाही. दोन वर्षं रियाधला नेऊन सुया टोचून झाल्या, डॉक्टरांनी हात टेकले. हे सगळं आपांनी तिच्यासमोरच सांगितलं आणि पोर माशाचे काटे निवडत शांत बसून होती.

मी शिवते म्हटल्यावर आपांनी निळ्या फुलांचं एक कापड आणून दिलं. बाजारात हिच्या मापाचं मिळतं त्यावर बदकं आणि अस्वलं असतात, हिला लाज वाटते म्हणाल्या, आणि तसले जुने कपडे गोधडीसाठी दिले. मोठ्या मुलीचा फ्रॉक, पण हिच्या मापाचा. माप: उंची ३४.

१४ जानेवारी, मंगळवार

हुमैराचा फ्रॉक झाला. गळ्याला पट्टी, बाहीला चुण्या, मागं तीन बटणं. अस्तराला कापड कमी पडलं म्हणून सहरचा एक जुना फ्रॉक उसवून आतून लावला. मऊ होता, अंगाला टोचणार नाही.

लहान मुलांच्या कपड्यात वाढत्या अंगासाठी शिवणीत जादा कापड सोडायचं असतं, त्याला आमच्याकडे माया म्हणतात. माप घेताना आपा म्हणाल्या होत्या,

"माया नको ठेवू गो. फुकट जाते."

इतकं सरळ बोलल्या. घरी येऊन मी मुद्दाम दोन इंच माया ठेवली. खाली दुमडीत, बगलेखाली कुशीत, खांद्यावर. टीप मारताना मनात म्हटलं, या अल्लाह, माझी सहर ताडासारखी वाढतेय, तिच्यातली बोटभर वाढ या पोरीला दे. दुसऱ्याच्या लेकरासाठी दुआ मागितली की फळते, असं अम्मा म्हणायची.

फ्रॉक घालून हुमैरा आरशासमोरून हलेना.

२६ जानेवारी, रविवार

आपा धापा टाकत वर आल्या. हातात तोच फ्रॉक. खालून आखूड होतोय म्हणाल्या. मला वाटलं धुऊन आटला असेल. हुमैराला उभी केली, टेप लावली. पस्तीस.

पुन्हा लावली. पस्तीस.

आपा तिथंच जमिनीवर बसल्या आणि पदरात तोंड घालून रडल्या. मी पण रडले. मग दुमड उसवून एक इंच माया सोडली, इस्त्री फिरवली. जाताना हुमैरा जिना स्वतः उतरली, एकेक पायरी, कठड्याला धरून.

८ फेब्रुवारी, शनिवार

आणखी एक इंच सोडला. दुमडीतली माया संपली, म्हणून खाली निळी पट्टी जोडून दिली. हुमैरा आता ३७. कादिरभाईंनी अख्ख्या बिल्डिंगला खजूर वाटले.

सहरचा पिनाफोर ढगळ दिसतो. शाळा सुरू झाल्यापासून पोरगी डबा परत आणते. खांद्यावरून उतरतो म्हणून कुशीत अर्धा इंच आत घेतला. खालीही लांब वाटतो. बहुतेक मीच घाईत चुकले असेन. उद्यापासून दुधात खारीक घालून द्यायला हवी.

१७ फेब्रुवारी, सोमवार

मी चुकले नव्हते. वही उघडून माप पाहिलं. छाती २३ होती, आता २१. बारीक झाली म्हणावं तर गाल तसेच गुबगुबीत आहेत. पिनाफोर नडगीपर्यंत आलाय. सहरला चौकटीला लावून उभी केली. पेन्सिलीची रेघ तिच्या डोक्यावर चार बोटं.

उंची ४१.

टेप ताणली गेली असेल म्हणून दुसरी आणली. ४१.

इमाद सुट्टी टाकून डॉक्टरकडे घेऊन आले. मल्याळी सिस्टरनं मापलं, डॉक्टरांनी तपासलं, रक्त घेतलं. सगळं ठीक आहे. आधीचं माप चुकीचं घेतलं असेल, मुलं काही आखूड होत नाहीत, असं म्हणून ते हसले. इमादही हसले. परतताना गाडीत ते मला म्हणाले की तू नव्या जागी एकटी पडली आहेस, जरा बाहेर पडत जा. मी वीस वर्षं माप घेतेय. आठ वर्षांची असल्यापासून अम्माच्या हाताखाली. मी चुकत नाही, हे मी त्यांना सांगितलं नाही.

२४ फेब्रुवारी, सोमवार

सहरचा पुढचा नवा दात आत गेला.

मी आधी नीट लिहून ठेवते. डिसेंबरमध्ये दुधाचा दात पडला होता, श्रीवर्धनला कौलावर फेकला. तिथं नवा, करवतीच्या कडेचा दात अर्धा वर आला होता. आज घास भरवताना बघितलं तर तिथं लहान, पांढरा, दुधाचा दात घट्ट बसलाय. मी बोटानं हलवून पाहिला.

वहीत तिला स्वतःचं नाव लिहिता येईना. परवापर्यंत ती मला इंग्रजीत उलटून बोलायची. आज नुसतं बोट दाखवते. गादी ओली करते.

संध्याकाळी हुमैरा वर आली, एकटी, पायऱ्या धडधड चढत. चाळीस इंच. पुढचा दात पडलाय, हसून दाखवला. खिडकीशी बसून गुणगुणायला लागली. ते गाणं मी सहरला झोपवताना रचलं होतं, आमच्या मांजरीवर. तिला विचारलं, कुठं ऐकलंस? ती म्हणाली, मला येतंच. मग म्हणाली की श्रीवर्धनच्या घरामागं विहिरीजवळ एक मांजर पुरलीय ना.

ती कधी श्रीवर्धनला आलेली नाही.

मला आठवलं मी टीप मारताना काय मागितलं होतं.

२७ फेब्रुवारी, गुरुवार

बटण बदलते असं खोटं सांगून हुमैराचा फ्रॉक वर आणला. पट्टी काढून टाकली. एक इंच आत घेतला, दुहेरी टीप मारली. घाईत सुई बोटात गेली. फ्रॉक परत देताना आपांकडे पाहवलं नाही.

१ मार्च, शनिवार. पहिला रोजा

सहर ३९ होती. आज चाळीस. सकाळी तिनं "मम्मी, भूक लागली" असं अख्खं वाक्य म्हटलं. मी तिला कुशीत घेऊन बसून राहिले.

तेवढ्यात खालून किंकाळी आली.

दुपारी आपा आल्या. आत आल्या नाहीत, उंबऱ्यावरच उभ्या राहिल्या. हुमैराची हाडं आतून दाबल्यासारखी दुखतात, पहाटेपासून ती तळमळतेय. आपांच्या हातात तो फ्रॉक होता. त्यांनी मला दुहेरी टीप दाखवली. मग माझ्यामागं उभ्या असलेल्या सहरकडे बघितलं, तिच्या पायात घोळणाऱ्या पिनाफोरकडे बघितलं. काही सांगावं लागलं नाही. आईच ती.

मी पाया पडले. म्हटलं, आपा, फ्रॉक मला द्या.

त्यांनी फ्रॉक मागं घेतला. मग म्हणाल्या,

"आठ वर्सं मी तिला कडेवर वागवली, सादिया. काल ती धावली. तू मला सांग, आता मी कुठच्या हातानं ही शिवण उसवू?"

मी म्हटलं, "माझी पोर संपेल, आपा."

"तूच दिलंस ना," त्या म्हणाल्या. आवाजात राग नव्हता. "मी मागितलं नव्हतं गो."

फ्रॉक छातीशी धरून खाली गेल्या.

६ मार्च, गुरुवार

आपांनी मशीन आणलंय. दुपारी बाजार बंद असतो, रोज्यात रस्ते सुनसान, त्या शांततेत फरशीखालून टिपांचा आवाज येतो. शिकाऊ हात आहे. दोरा तुटतो, थांबतं, पुन्हा सुरू होतं.

सहर ३७.

खाली जाऊन त्यांचं दार ठोठावलं. उघडलं नाही. कादिरभाई जिन्यात भेटले, मान खाली घालून गेले.

इमादना सगळं सांगितलं. ते ओरडले नाहीत. चौकटीवरच्या रेघांसमोर जाऊन उभे राहिले. आता नऊ रेघा आहेत, एकाखाली एक. मग त्यांनी जेद्दाहची तिकिटं काढली. तिथं मोठा डॉक्टर आहे, आणि या घरापासून लांब तरी होऊ.

१२ मार्च, बुधवार

जेद्दाहला पाच दिवस. तिथंही दोन इंच गेले. लांब जाऊन काही उपयोग नाही.

डॉक्टर म्हणाला, वयाच्या मानानं उंची उत्तम आहे. त्यानं तिला तीन वर्षांची धरलं होतं.

परत आलो तर तळमजल्याला कुलूप. बकाल्यावाल्यानं, म्हणजे कोपऱ्यावरच्या किराणावाल्यानं सांगितलं, कादिरना जेद्दाहच्या पुढं राबिघला काम मिळालं, सामान टेम्पोत भरून गेले. फोन लागत नाही. फ्रॉक गेला. आता ती शिवण कधीच बंद होणार नाही. हुमैरा वाढेल तशी पट्टीला पट्टी जोडत राहतील.

१४ मार्च, शुक्रवार

सहर ३३. चालताना पडते. मला मम्मी म्हणते, बाकी शब्द गेले.

एक मार्ग आहे. आपांनी पहिल्या दिवशी गोधडीसाठी हुमैराचे जुने कपडे दिले होते, बदकांचे. एक झबलं माझ्याकडे आहे. त्याचं अस्तर लावून सहरचा फ्रॉक शिवायचा, तीच दुआ मागायची, की सगळं तिकडून परत इकडे येईल.

झबलं टेबलावर पसरलं. कात्री घेतली. डोळ्यांसमोर हुमैरा आली, कठड्याला धरून पायरी उतरणारी. दुपारभर कात्री हातात तशीच राहिली.

झबलं घडी घालून ठेवलं. मग अंगातला कुडता काढला आणि तो कापला.

१६ मार्च, रविवार

सहरचा ईदचा फ्रॉक. हिरवं कापड, माझ्या कुडत्याचं अस्तर. माया जेवढी मावेल तेवढी. खालच्या दुमडीतच सहा इंच. टीप मारताना म्हटलं, या अल्लाह, यापुढं जे लागेल ते माझ्यातून. सगळं. तिच्यातून नको.

माझं माप लिहून ठेवते. उंची ६२. वय २९.

इमादना सांगितलं नाही.

१८ मार्च, मंगळवार

सहर ३५. सकाळी "दूध दे" म्हणाली.

माझी अंगठी पीठ मळताना परातीत पडली.

२१ मार्च, शुक्रवार

सहर ३९. एक इंच सोडला, आणखी एक सोडला. दात पुन्हा हलतोय. तिला नाव लिहिता आलं, स उलटा.

मी ५९. सलवार टाचेखाली येते. ते चालेल. पण आंघोळीला गेले तेव्हा पोटावर हात फिरवला. सहरच्या वेळची टाक्यांची खूण. सिझरची. आडवी, जाड. ती पुसट झालीय.

२३ मार्च, रविवार

खूण नाही. पोट कोरं आहे.

इमादना कळलं. त्यांनी फ्रॉक हिसकावून घेतला, ब्लेड घेतलं. म्हणाले, "मी उसवतो हे."

मी म्हटलं, "उसवा. पण मग सहरला तुम्ही आपल्या हातांनी पुरा."

ते फ्रॉक मांडीवर घेऊन बसून राहिले. ब्लेड मी काढून घेतलं. संडासात टाकलं. कात्र्या पण.

लिहून ठेवते. मुलीचं नाव सहर. ती माझी आहे. सहा वर्षांची. नवऱ्याचं नाव इमाद. चांगला आहे. घाबरायचं नाही त्याला.

२५ मार्च

आज सकाळी घरात एक माणूस होता. मी ओरडले. त्यानं हात जोडले आणि ही वही दाखवली. वरचं वाचलं. अक्षर माझंच आहे.

इमाद. नवरा. चांगला आहे.

मुलगी ४२. मी तिचं नाव— वर लिहिलंय. सहर.

पण थांबत नाही. तिची उंची भरत आली तरी थांबत नाही. त्या बाई राबिघला पट्टी जोडताहेत. त्या ओढतात सहरमधून, सहर ओढते माझ्यातून. मी आहे तोवर सहर राहील. मी किती आहे अजून? बासष्टातून—

हिशेब जमत नाही.

२७

पॅडलला पाय पोचत नाही.

विमान गेलं. मी टेबलाखाली लपले. ती मुलगी पण आली टेबलाखाली. माझा हात धरला. तिचा हात माझ्याएवढाच आहे. ती मला मम्मी म्हणते. का म्हणते—

तो माणूस रडतो. त्याचं नाव लिहिलंय पण पान सापडत

२८

थंडी आहे. हे आमचं घर नाही. खिडकीतून समुद्र दिसत नाही, डोंगर दिसतो. अम्मा कुठं गेली ते कुणी सांगत नाही. मशीन आहे पण अम्माचं नाही.

मुलगी म्हणते रोज लिही, नाहीतर विसरशील. काय विसरीन. ती मला पेन देते.

३० ईद

आज ईद आहे. माणसानं शेवया केल्या. मला मोठ्या मुलीचा फ्रॉक घातला, तो ढगळ होतो. त्यानं पिना लावल्या.

हिरव्या फ्रॉकवाली मुलगी छान दिसते. माझ्याहून उंच आहे. तिनं माझे केस विंचरले. मग रडायला लागली. मी विचारलं तू कुणाची. ती आणखी रडली. मम्मी मम्मी म्हणते.

मी तिला म्हटलं रडू नको. माझी अम्मा बाजारात गेली असेल. ती आली की आपण तिघी जाऊ आणि तुझ्या मम्मीला शो